वेलींना ऐकू जावं म्हणून

पानमळ्यात चप्पल घालून शिरायचं नाही, हे मला लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं गेलं. लगोलग दुसरी गोष्टही सांगितली गेली. बाईनं अडचणीच्या दिवसांत मळ्यात पाऊल टाकायचं नाही, विटाळानं वेल वाळते. सांगणारे माझे सासरे, सिद्रामप्पा. पहिली गोष्ट मला पटली. नागवेलीची मुळं वरवर असतात, माती भुसभुशीत लागते, आणि चपलेच्या चिखलाबरोबर दुसऱ्याच्या रानातला रोग आपल्या रानात येतो. दुसरी गोष्ट ऐकून मी नुसती मान हलवली. नव्या सुनेची मान त्याच कामासाठी असते.

आमचा मळा मुरूम गावाच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेच्या अंगाला आहे. घरात निम्मं बोलणं कानडी, बाजारात मराठी. आजूबाजूला सगळं सोयाबीन, तूर आणि जिथं पाणी आहे तिथं ऊस. मधोमध आमचा हा पानांचा तुकडा, आज्या-पणज्यापासूनचा. चारी बाजूंनी शेवरीची दाट भिंत आणि आत शेवरीवर, पांगाऱ्यावर चढवलेल्या वेली. चैत्रात बाहेर फुफाटा उडत असला तरी आत शिरलं की माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं. वेली बांधायच्या, पानं खुडायची, पाणी द्यायचं, ही कामं सासूबाईंची आणि माझी. करंड्या भरून बाजारात न्यायच्या आणि चारचौघांत ‘आमचा मळा’ म्हणायचं, हे काम सासऱ्यांचं.

सासऱ्यांचा आवाज गोड आहे. खोटं कशाला बोलू? मळ्याच्या पश्चिमेला एक रान सोडून महादेवाचं देऊळ आहे, तिथल्या भजनी मंडळाचे ते म्होरके. त्यांनी शरणांचं कानडी वचन गायला धरलं की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवतो. सासूबाई, पार्वतम्मा, वेल बांधताना सारखं काहीतरी कानडीत गुणगुणत असतात, तेही मला गोडच लागतं. पण ते गाणं नव्हे, ते काम. त्याची बातमी होत नाही.

बातमी झाली ती सासऱ्यांची, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. माझे यजमान शंभुलिंग मुरूमला बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहेत. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल. एका संध्याकाळी त्यांनी अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशातला कोटातला माणूस द्राक्षांच्या बागेत स्पीकर लावून बसलाय, आणि म्हणतोय, संगीतानं वेल जोमानं वाढते. सासऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, “त्येंच्या त्या टिंगटिंगीनं द्राक्षं वाढतात, तर महादेवाच्या वचनानं पान केवढं हुईल?”

वेलीला गाणं कळतं की नाही, मला माहीत नाही. कळत असेलही. पण मग शिव्याही कळत असतील, आणि आमच्या घरात मळ्यात उभं राहून कोण कुणाला काय काय बोललंय ते आठवलं तर एक पान उगवायला नको होतं.

देवळाच्या भोंग्याचं तोंड गावाकडं होतं, ते सासऱ्यांनी मळ्याकडं फिरवून घेतलं. पेनड्राईव्हमध्ये स्वतःची वचनं भरली. सकाळ-संध्याकाळ ती लागायला लागली. मळ्याच्या मधोमध उभे राहून ते कान देऊन ऐकायचे आणि त्यांचं समाधान होईना. आवाज गुदमरतोय म्हणायचे. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर पश्चिमेची जवळजवळ सगळी शेवरी कमरेच्या उंचीवर तोडून आडवी पाडलेली, आणि सासरे कोयता पुसत उभे.

“मामा, हे काय केलं?” मी विचारलं. “ती वाऱ्यासाठी हाय.”

“वारा काय आज सुटलाय व्हय? आवाज अडत हुता. वेलींना ऐकू जाया पायजे.”

“शिवरात सरली की झळा सुरू हुत्यात. पश्चिमेकडनंच येत्यात. पानं भाजतील.”

“तू मला मळा शिकवतीस?”

यजमान तिथंच उभे होते, मी त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, “अप्पांचं मन मोडू नको खामखा.” माझं मन मोडायला मात्र घरात कुणालाही परवानगी लागत नाही. शेवरीचा पाला शेळ्यांनी दिवसभर खाल्ला आणि आमचा मळा पश्चिमेकडून उघडा पडला.

सुरुवातीला काही झालं नाही. उलट त्या दिवसांत वेली तशाही जोरात असतात, नवी फूट येते. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला पानं दाखवायला लागले. कुणीतरी मोबाईलवर बातम्या देणारा माणूस माईक घेऊन आला. ‘वचनांवर डोलतो पानमळा’ अशी बातमी गावोगाव फिरली. त्यात सासरे वेलीला हात लावून गाताना दिसतात आणि मागं, धूसर, मी आणि सासूबाई वाकून वेली बांधताना. आमची नावं नाहीत. नसू देत. मला राग त्याचा नाही.

पाडवा सरला आणि वारा सुटला. आमच्याकडचा उन्हाळी वारा काय असतो ते ज्याच्या डोळ्यांत तो गेलाय त्याला विचारावं. आधी पानांच्या कडा करपल्या, मग शेंडे काळे पडले, मग अख्खं पान देठासकट गळायला लागलं. पश्चिमेच्या अंगाच्या सऱ्या एकेक करून जायला लागल्या. ज्या कोपऱ्यात शेवरीचा थोडा भाग कापायचा राहिला होता, त्याच्या आडोशाच्या वेली हिरव्यागार होत्या. हे दिसायला डोळे पुरे होते. पण सासऱ्यांनी भोंग्याचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीला, कस्तुरीला, मळ्यातच न्हाण आलं. सकाळची शाळा सुटली की ती सरळ मळ्यात यायची. वेल बांधायच्या लव्हाळ्याची गाठ मारायला ती माझ्यापेक्षा हुशार. त्या दिवशी माझ्यासोबत बसून वेली बांधत होती, उठली, आणि मला तिच्या कपड्यांवर डाग दिसला. मी तिच्या कमरेला माझी ओढणी गुंडाळली. ती घाबरली होती, पण रडली नाही. मी तिला म्हटलं, काही झालेलं नाही, सगळ्या बायांना होतं. तिला घेऊन घराकडं निघाले तेव्हा विहिरीवर माझे चुलत सासरे महालिंगप्पा मोटार चालू करत उभे होते. ते काही बोलले नाहीत. ते कधीच मोठ्यानं बोलत नाहीत. ते हळू बोलतात आणि सगळ्यांशी बोलतात.

सासूबाईंनी तिला खारीक-खोबरं दिलं, डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी महालिंगप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसले, पानाचा विडा लावला आणि म्हणाले, “मळ्यात न्हाण आलं म्हणं पोरीला. मग वेल जळंल न्हाय तर काय?”

सासरे किती दिवस त्या वाळक्या सऱ्यांमध्ये उभे राहून स्वतःचा कोयता सोडून दुसरं काहीतरी कारण शोधत होते. आता ते सापडलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तो मी बघितला आहे आणि मरेपर्यंत विसरणार नाही. स्वतःच्या नातीवर खापर फोडून माणूस इतका हलका होऊ शकतो.

“मामा, करपणं त्याच्या आधी सुरू झालं,” मी आतून म्हणाले. “शेवरी कापली म्हणून झालं.”

“बायांनी ह्यात बोलू नये,” महालिंगप्पा म्हणाले. विषय बाईच्या अंगचा, आणि बायांनीच त्यात बोलू नये.

दुसऱ्या दिवशी मी जुनी लुगडी, पोती, गोधडीचे तुकडे घेऊन मळ्यात गेले आणि पश्चिमेच्या खुंटांना मिळतील तसे बांधले. दुपारी जाऊन बघते तर सगळं सोडून घडी करून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलेलं. सासरे म्हणाले, “आवाज अडतो.” घडी मात्र व्यवस्थित घातली होती.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसायची सवय आहे. पण कस्तुरी गप्प झाली. बांधावर बसायची, मळ्यात शिरायची नाही. घराच्या दाराशी तेलाच्या डब्यात तिनं मोगरा लावला होता, तिचा जीव की प्राण. तिसऱ्याच दिवशी सकाळी ती अज्जीला म्हणाली, “अज्जी, मोगऱ्याला तू पाणी घाल.”

“का गं, तुझे हात मोडलेत का?” मी विचारलं.

ती हात मागं घेऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, “अव्वा, म्या हात लावला म्हणून वाळल्या का गं वेली?”

“तू कुठल्या सरीत बसली होतीस त्या दिवशी?”

“मधल्या.”

“मधली सरी कशी हाय?”

“हिरवी.”

“मग?”

तिनं थोडा विचार केला. “आता वाळंल,” ती म्हणाली.

तिथं माझं डोकं फिरलं. जमीन गेली असती तर परत कमावली असती, अख्खा मळा जळाला असता तर दुसरा लावला असता. पण माझी पोर स्वतःच्या हातांकडं विषाच्या बाटलीकडं बघावं तसं बघत होती, आणि वरून भोंगा वचनं गात होता. सगळी माणसं सारखी, कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, अशा अर्थाची वचनं, त्या गोड आवाजात. आमच्या लिंगायत धर्मात ज्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे त्याला विटाळ नाही, बाई असो की पुरुष. हे मला माझ्या आज्यानं शिकवलं, आणि हेच सासरे दर सोमवारी देवळात सांगतात. कस्तुरीच्या गळ्यात लिंग पाळण्यात घालायच्या आधी बांधलं आहे. तेही सासऱ्यांनीच.

मग महालिंगप्पांनी तोड काढली. मठाच्या स्वामींना बोलवायचं, त्यांच्या पायांचं तीर्थ, पादोदक, मळ्यात शिंपडायचं. आणि पोरीला सास्तूरला तिच्या आत्याकडं पाठवायची. वेली फुटल्यावर बघू. पुढंही तिनं मळ्यात येऊ नये ते बरं.

“आणि शाळा?” मी विचारलं.

“शाळा तिथंबी हाय,” माझे यजमान म्हणाले. त्यांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं नसतं.

ती जायची होती त्या सकाळी बाजाराची पानं खुडायची होती. मी आणि सासूबाई पहिल्या उजेडात मळ्यात शिरलो. कस्तुरी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिचे वडील गाडी पुसत होते. सासरे आणि महालिंगप्पा बांधावर उभे राहून स्वामींना कुठला वार सोयीचा ते ठरवत होते. महालिंगप्पांच्या तोंडात पान होतं. आमच्याच मळ्यातलं, नेहमीप्रमाणं फुकटचं.

माझ्या हातातलं पान मी करंडीत ठेवलं आणि सरळ उभी राहिले.

“मामा, एक इचारायचं हाय.”

“इचार.”

“विटाळानं वेल वाळते म्हंता. मग हा मळा मागंच जळायला पायजे हुता.”

“म्हंजी?”

“म्या लगीन हून आले तवापासनं दर महिन्याला मळ्यात येते. एकदाबी बाहेर बसले न्हाय. पान खुडायला आलं की खुडावंच लागतं, ते माझी अडचण सरायची वाट बघत न्हाय. तुमी ज्या करंड्या बाजारात नेल्या, त्या तसल्याच हातानं खुडल्यात. लोकांनी खाल्ली, देवाला वाहिली, लगनात वाटली. एक वेल वाळली न्हाय. वाळली ती तुमी शेवरी तोडल्यावर.”

“शिव शिव,” महालिंगप्पा म्हणाले, आणि तोंडातलं पान थुंकले.

“आता थुकून काय उपेग, काका,” मी म्हणाले. “इतकी वर्सं गिळलंय.”

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हात उगारतात. मी हलले नाही. माझ्या अंगात त्या वेळी एवढा राग होता की कुणी उगारलाच असता तर मी तो धरला असता. पण त्यांनी माझ्याकडं न बघता सासूबाईंकडं बघितलं. घरात सून शेफारली की सासूनं बोलायचं, अशी आमच्यातली रीत.

“ऐकलंस का,” ते म्हणाले, “सून काय म्हंती?”

सासूबाईंनी मान वर केली नाही. नखानं एक देठ तोडला, पान ओच्यात ठेवलं, दुसरा देठ तोडला.

“म्याबी,” त्या म्हणाल्या.

“काय म्याबी?”

“म्याबी येत हुते. माझं बंद हुईपतुर. तुमची आईबी येत हुती. तिनंच मला सांगितलं, काम थांबत न्हाय, गड्यांना कशाला सांगायचं.” मग त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याकडं बघितलं. “तुमचं भजन शिवरातीपासनं हाय. मळा तुमच्या आज्याच्या वख्तापासनं हाय. कुणाच्या हातानं जगला मग?”

 भोंगा अजून चालूच होता, सासऱ्यांच्याच आवाजात. सासूबाईंचं हे मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच सरीत पाठीला पाठ लावून पानं खुडत होतो, आणि दोघी एकमेकींपासून लपवत होतो. मला सासूबाईंचाही राग आला. मी त्यांना हळूच विचारलं, मला आधी का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तू पाळतीस.” मला वाटायचं, त्या पाळत होत्या.

महालिंगप्पा आमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही असं, बांधावरच्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं, बोलून निघून गेले. सासरे पश्चिमेच्या सऱ्यांकडं चालत गेले. वारा नुकता सुटत होता. ते तोडलेल्या शेवरीच्या खुंटांपाशी उभे राहिले, धोतराचा सोगा वाऱ्यानं त्यांच्या पायांत गुंडाळत होता. एक करपलेलं पान त्यांनी हातात घेतलं, ते चुरलं, हात झटकला. मग रस्त्याकडं बघून लेकाला हाक मारली.

“शंभू, गाडी लाव बाजूला. पोती आण घरनं. सुतळी आण.”

एवढंच. चुकलं, असा शब्द नाही. नातीला हाक नाही. त्यांनी दिवसभर पोती बांधली, भोंग्याचं तोंड गावाकडं फिरवलं, आणि रात्री जेवताना कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणाले. लोक मला सांगतात, म्हाताऱ्या माणसानं एवढं ऐकलं हेच खूप झालं. मला नाही वाटत खूप झालं.

मी कस्तुरीला हाक मारली. ती बाभळीखालून उठली, चपला काढल्या आणि बांधापर्यंत येऊन थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“ये आत,” मी म्हणाले.

“आत्ता?” तिनं विचारलं. तिचे ते दिवस अजून सरले नव्हते.

“आत्ताच ये.”

ती आली. पाऊल अलगद टाकत, जसं काही जमीन झोपली आहे. मधल्या सरीत, ती त्या दिवशी बसली होती तिथं, एका वेलीला नुकतं कोवळं पान फुटलं होतं. तिनं एक बोट पुढं केलं, माझ्याकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, आणि बोट त्या पानावर टेकवलं. मग पटकन मागं घेतलं. सासूबाई गुणगुणत पानं खुडत राहिल्या. मला वाटलं, झालं. पोर सुटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर तिचं अंथरूण रिकामं. मी तशीच मळ्याकडं पळाले. झुंजूमुंजू झालं होतं. पश्चिमेची पोती वाऱ्यानं फुगत होती. कस्तुरी मधल्या सरीत त्या कोवळ्या पानासमोर उकिडवी बसली होती, हात पाठीमागं धरून.

मला बघून ती हसली. किती दिवसांनी हसली.

“हाय गं अव्वा,” ती म्हणाली. “वाळलं न्हाय.”

मीही हसले. तिच्यासाठी हसले.  एका पानानं आपल्या बाजूनं साक्ष द्यावी म्हणून माझी लेक अंधारात उठून आली होती, आणि तिच्यावर ही वेळ आणणारी माणसं घरात डाराडूर झोपली होती.

“चल घरी,” मी म्हणाले. “मोगऱ्याला पाणी घालायचंय तुला.”

ती उठली. दोन पावलं चालली आणि वळून पुन्हा त्या पानाकडं बघितलं.

“उद्या परत येऊन बघते,” ती म्हणाली. “ऊन लागल्यावर खरं कळंल.”